एक ब्रास माती

मे महिना संपत आला की आपल्या शहरांतल्या गल्ल्या उघड्या पडतात. पावसाच्या आधी ड्रेनेजची लाईन टाकून घ्यायची असते, पाण्याची गंजलेली पाईप बदलायची असते, कुणाची तरी केबल राहिलेली असते. जेसीबीचा पंजा डांबर उचकटतो, मुरूम उपसून कडेला टाकतो आणि दुपारपर्यंत गल्लीच्या मधोमध पुरुषभर खोल, दोन हात रुंद चर तयार होतो. मग त्यात माणूस उतरतो. तळ सारखा करणं, पाईपचा जोड बसवणं, पाण्याला उतार मिळतोय का ते पाहणं ही कामं यंत्राला जमत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या माणसाचं फक्त डोकं दिसतं. कधी तेही नाही, नुसतं वर येणारं घमेलं दिसतं.

आपण खड्ड्यात पडू नये म्हणून आपण जपून जातो. आत आहे त्याच्या अंगावर कड येईल, हे आपल्या मनात येत नाही. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात येत नाही, आणि सगळा धोका नेमका इथे आहे. उंचीचं भय माणसाला उपजत असतं. परांचीवर चढलेल्या माणसाचे हात आपोआप बांबूला घट्ट धरतात, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. चराचं तसं नाही. पाय जमिनीवर टेकलेले असतात, माती ओळखीची असते, उन्हाळ्यात तर आत गारवाही असतो. शरीर आपल्याला कसलीच सूचना देत नाही. म्हणून चराचं भय शिकावं लागतं आणि कुणीतरी ते शिकवावं लागतं. खोदकामाच्या सुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे मुळात हे भय शहाणपणाने शिकवणं.

शंभर गोण्यांचं ओझं

आपल्याकडे मातीचं माप ब्रासमध्ये चालतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ठेकेदार ब्रासवर पैसे मोजतो, डंपरवाला ब्रासवर भाडं सांगतो; पण एका ब्रासचं वजन किती, हे चरात उतरणाऱ्याला क्वचितच कुणी सांगितलेलं असतं. जमिनीतली माती घनमीटरला साधारण दीड ते दोन टन भरते, ओली असली तर वरच्या अंगाला. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे साडेचार-पाच टन.

आता सहा फूट खोल चर डोळ्यांपुढे आणा. त्याची एक कड दहा फूट लांबीत सुटली आणि सुटलेली ढलपी अवघी वीस इंच जाडीची असली, तरी ती बरोबर एक ब्रास होते. म्हणजे पन्नास किलोच्या सिमेंटच्या जवळजवळ शंभर गोण्या. सहा फुटांवरून सुटलेली वस्तू तळाला पोचायला सेकंदाचे सहा दशांश पुरतात. ‘पळा’ हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत ती आलेली असते. आणि पळायचं तरी कुठे? दोन हात रुंदीच्या चरात समोर भिंत, मागे भिंत. मोकळ्या मैदानात दरडीपासून बाजूला होता येतं. चरात बाजू नावाची गोष्टच उरत नाही.

माती अंगावर पडली की माणूस दगावतो तो नेहमी डोकं फुटून किंवा नाकातोंडात माती जाऊन नव्हे. डोकं पूर्ण बाहेर असतानाही माणसं गुदमरून गेलेली आहेत. श्वास घ्यायचा म्हणजे छातीचा पिंजरा फुगायला हवा. छातीवर दोन फूट मातीचा थर आला तर नुसत्या छातीपुरतं ओझंच शंभर किलोच्या घरात जातं, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. माणूस श्वास सोडतो, छाती किंचित आत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती सरकून बसते. पुढचा श्वास त्याहून लहान, त्याच्या पुढचा आणखी लहान. काही मिनिटांत खेळ संपतो.

कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, ‘मला ओढा’ म्हणतो. पण त्याचाही धोका टळलेला नसतो. १९४१ साली लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना एरिक बायवॉटर्स आणि डेसमंड बील या दोन संशोधकांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. पडक्या घरांखालून तासन्‌तासांनी काढलेली काही माणसं बाहेर आल्यावर बरी दिसत आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत. दाबून राहिलेल्या स्नायूंतल्या पेशी मरतात. दाब सुटला की त्यांच्यातली द्रव्यं एकदम रक्तात उतरतात, हृदयाची लय बिघडवतात आणि मूत्रपिंडं तुंबवतात. म्हणून गाडलेल्या माणसाला मोकळं करताना डॉक्टर आणि शिरेतून द्यायचं सलाईन जवळ असावं लागतं. घाईने ओढून काढलेला माणूस आपल्या हातात जिवंत आला, एवढ्याने तो वाचला असं होत नाही.

दिवाळीचा किल्ला आणि कुलोम

माती उभी राहतेच कशी, याचं उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने हाताने शोधलेलं आहे. दिवाळीत किल्ला करताना कोरडी माती ओतली की तिचा ढीग होतो, तट होत नाही. ढिगाचा उतार ठरावीक कोनापर्यंत चढतो आणि मग माती घसरायला लागते. थोडं पाणी शिंपडलं की तीच माती तासून सरळ उभी करता येते. पाणी जास्त झालं की बुरूज बसतो. आणि चांगला जमलेला तट चार दिवस उन्हात वाळला की एका सकाळी त्याच्या माथ्यावर बारीक भेग दिसते आणि तुकडा निखळतो. खोदकामाचं निम्मं शास्त्र या किल्ल्यात आहे.

मातीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोन. एक कणांचं एकमेकांवरचं घर्षण आणि दुसरा चिकटपणा. कोरड्या वाळूत फक्त घर्षण असतं, म्हणून तिची उभी कड टिकत नाही. ओलसर वाळूत कणांच्या मधल्या पाण्याचा ताण कणांना आवळून धरतो, म्हणून ती तात्पुरती उभी राहते. वाळली किंवा चिंब झाली की तो ताण जातो. चिकणमातीत खरा चिकटपणा असतो, म्हणून तिची कड काही फूट सरळ उभी राहू शकते. किती फूट, हे चिकटपणा आणि वजन यांच्या गणितावर ठरतं. चर खोल करत गेलं की कडेच्या पायथ्यावर वरचं ओझं वाढत जातं, चिकटपणा मात्र तेवढाच राहतो. एका खोलीला ओझं जिंकतं.

हे गणित नवं नाही. शार्ल-ओग्युस्तँ कुलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याचं बांधकाम करत होता. तिथल्या अनुभवावर त्याने लिहिलेला मातीच्या दाबावरचा निबंध १७७६ साली छापला गेला. तिरक्या प्रतलावरून घसरू पाहणारी मातीची पाचर, ही त्याची कल्पना आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवली जाते. कार्ल टेर्झागी यांच्या १९२५ सालच्या ग्रंथाने मृदायांत्रिकी ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली आणि मातीतल्या पाण्याचा दाब तिची ताकद कसा घटवतो, ते स्पष्ट झालं. म्हणजे कड का ढासळते, हे माणसाला सुमारे अडीचशे वर्षं ठाऊक आहे. तरीही आपण म्हणतो, ‘अचानक माती कोसळली.’ मातीच्या बाजूने त्यात अचानक काही नसतं.

जमिनीखालचा प्रत्येक थर शेजारच्या थराला रेलून उभा असतो. चर खणतो म्हणजे आपण एका बाजूचा शेजारी काढून घेतो. माती त्या मोकळ्या जागेकडे किंचित झुकते. या ओढीने वर, कडेपासून थोड्या अंतरावर, कडेला समांतर अशी भेग पडते. ती पडली की वरची ढलपी मागच्या जमिनीपासून सुटलेली असते, फक्त पायथ्याशी टेकलेली असते. पावसाचं पाणी त्या भेगेत भरलं की ते पाचरीसारखं ढलपीला पुढे ढकलतं. म्हणून सकाळी उभी असलेली कड संध्याकाळपर्यंत उभी राहील, याची खात्री देता येत नाही. ‘काल दिवसभर काम केलं, काही झालं नाही’ हा बांधकामावरचा सर्वांत महागडा युक्तिवाद आहे. काल गेला म्हणजे माती एक दिवस जास्त सुटलेली आहे.

आपल्या मातीचे स्वभाव

महाराष्ट्राची माती अनेक परींनी फसवते. काळी माती ओली असताना चिकट आणि घट्ट वाटते. पण तिच्यातलं खनिज पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. मे महिन्यात काळ्या मातीत खणलेल्या चराच्या कडेत अशा भेगा आधीपासूनच असतात. पहिला वळीव आला की पाणी थेट त्यांत उतरतं.

मुरमाचा स्वभाव वेगळा. टिकाव मारला तर ठिणगी उडावी इतका तो कठीण लागतो, म्हणून गडी निर्धास्त होतात. पण मुरूम म्हणजे झिजत आलेला बेसॉल्ट. मूळ खडकाच्या चिरा त्यात कायम असतात आणि त्या चिरांमध्ये मऊ माती भरलेली असते. चिरेचा कल चराकडे असला तर अख्खी शिळा त्या मऊ थरावरून घसरून येते. कोकणात वर जांभ्याचं कवच घट्ट असतं आणि खाली मऊ माती निघते. वर कठीण, खाली मऊ ही रचना चरासाठी फार वाईट, कारण पायथा आधी खचतो आणि वरचं कवच छपरासारखं लोंबकळत राहतं. मुंबईचा पुष्कळसा भाग तर भरावावर आणि खाडीच्या गाळावर उभा आहे. तिथे थोडं खणलं की पाणी लागतं.

पण शहरात सर्वांत धोक्याची माती म्हणजे एकदा खणून पुन्हा भरलेली. आपल्या रस्त्याखाली पाण्याची, सांडपाण्याची, विजेची, गॅसची, इंटरनेटची लाईन शेजारीशेजारी गेलेली असते. प्रत्येकीसाठी कधीतरी चर खणला गेला आणि जमेल तसा बुजवला गेला. नव्या चराची कड म्हणून जी भिंत दिसते, ती पुष्कळदा हातभर जाडीचा पडदा असतो आणि त्याच्यामागे जुन्या चराचा सैल भराव असतो. जुनी पाईप गळकी असली तर तो भराव आतून भिजलेलाही असतो.

माती वाचायचे धडे

हे सगळं पुस्तकातून शिकवायची गरज नाही, आणि चांगलं प्रशिक्षण पुस्तकातून सुरू होतही नाही. ते चराच्या काठावर सुरू होतं. नुकत्याच उपसलेल्या मातीचं ढेकूळ हातात घेऊन त्यात अंगठा रुतवून पाहायचा. खूप जोर लावल्यावर जेमतेम रुततो, सहज पेरभर जातो, की बोट सरळ आत घुसतं? या एका चाचणीने मातीची ताकद ढोबळमानाने कळते. मग ओलसर मातीची हातावर वळी वळायची, शेवई वळावी तशी. तीन मिलिमीटर जाडीची, पाच सेंटिमीटर लांबीची वळी एका टोकाला धरून उचलली आणि तुटली नाही, तर मातीत चिकटपणा आहे. वळी होतच नसेल, माती बोटांमधून गळत असेल, तर तिच्या उभ्या कडेवर क्षणभरही विश्वास ठेवायचा नाही. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नियमांत या हाताच्या चाचण्यांना अधिकृत स्थान आहे, आणि तिथेही एकट्या चाचणीवर थांबत नाहीत; डोळ्यांनी पाहणीही करावी लागते.

पाहायचं काय, तेही ठरलेलं आहे. काठाला समांतर भेग आहे का. कडेतून बारीक खडे सुटून तळात पडताहेत का. कडेचा मधला भाग पोटासारखा पुढे आला आहे का. तळ वर फुगतोय का. पायथ्याशी पाझर लागलाय का. शेजारून बस-डंपर जातात तेव्हा माती थरथरते का. जवळ विजेचा खांब, झाड किंवा कुंपणाची भिंत आहे का. ही पाहणी रोज सकाळी उतरण्याआधी करायची, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करायची आणि सुरुंग किंवा ब्रेकर चालल्यावर पुन्हा.

पिढ्यानपिढ्या मातीकाम केलेल्या वडार आणि बेलदार समाजांतल्या जाणत्यांना यातलं पुष्कळ हाताला आणि नजरेला माहीत असतं. विहिरी, तळी, बंधारे यांच्या कामांतून हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलं. आज मात्र चरात उतरणारा माणूस कालपर्यंत बिहारमध्ये भात लावत असतो, तेलंगणातून किंवा मराठवाड्यातून चार महिन्यांसाठी आलेला असतो. त्याला बापाने ही माती शिकवलेली नाही, कारण बापाने ती पाहिलेलीच नाही. जुनी परंपरा तुटली आणि नव्या प्रशिक्षणाने तिची जागा घेतली नाही. या मधल्या पोकळीत माणसं मरतात.

उतार, आधार, पेटी

कड धरून ठेवायचे मार्ग तीनच. पहिला, कडेला उतार द्यायचा किंवा पायऱ्या पाडायच्या. मातीला जिथे जायचं आहे तिथे आपणच आधी तिला नेऊन ठेवायचं. सैल मातीत ओशाचा नियम एका फूट खोलीला दीड फूट आडवा उतार सांगतो. म्हणजे सहा फूट खोल चराला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फूट जागा लागेल. माळरानावर हे जमतं. पंधरा फुटांच्या गल्लीत नाही.

म्हणून दुसरा मार्ग, आधार. दोन्ही कडांना उभ्या फळ्या किंवा लोखंडी पत्रे लावायचे आणि त्यांच्यामध्ये आडवे टेकू घट्ट बसवायचे. एक कड दुसऱ्या कडेला धरून ठेवते. यात क्रम महत्त्वाचा. टेकू बसवताना वरून खाली यायचं, काढताना खालून वर जायचं, आणि काढत जाऊ तसा भराव करत यायचं. आधार काढतानाचा वेळ बसवतानाइतकाच धोक्याचा असतो, कारण तोवर काम संपलेलं असतं आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते.

तिसरा मार्ग पेटीचा. दोन जाड पोलादी भिंती आणि त्यांना जोडणारे दांडे, अशी ही पेटी यंत्राने चरात सोडतात आणि माणूस तिच्या आत काम करतो. पेटी मातीला पडण्यापासून रोखतेच असं नाही. माती पडली तरी माणसापर्यंत पोचू देत नाही. मात्र पाऊल पेटीबाहेर पडलं की पेटी नसल्यासारखंच. हे प्रशिक्षणात पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

या तिन्हींच्या जोडीला दोन साध्या गोष्टी लागतात: शिडी, आणि उपसलेल्या मातीचं अंतर. यंत्रचालकाला सोपं म्हणून माती काठावरच टाकली जाते. त्या ढिगाचं ओझं सुटू पाहणाऱ्या ढलपीच्या बरोबर डोक्यावर येतं. किल्ल्याच्या तटावर कुणी पाय देऊन उभं राहावं, तसं.

आणि शेवटी, जे दिसत नाही ते. जुन्या गटाराशेजारच्या चरात हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजणारा माणूस तिथेच कोसळतो. गॅसची आणि विजेची लाईन कुठून गेली आहे, हे खणण्यापूर्वी विचारण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं आहे. ते वापरायची सवय मुकादमापर्यंत पोचायला हवी.

नियम आहेत

आपल्याकडे नियम नाहीत, असं कुणी म्हणू नये. भारतीय मानक ब्युरोचं ३७६४ क्रमांकाचं मानक खोदकामाच्या सुरक्षेवरच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सरकारी ठेक्यांच्या कागदपत्रांना जोडलेली असते. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे: चर चार फूट किंवा त्याहून खोल असेल तर दर शंभर फुटांना किमान एक शिडी हवी आणि ती काठाच्या तीन फूट वर आलेली हवी. पाच फूट किंवा जास्त खोल चराच्या कडांना उतार किंवा आधार हवा. उपसलेली माती काठापासून पाच फूट, किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तेवढी दूर हवी. खणत यायचं ते वरून खाली. कडेला खालून पोखरायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत खोदकामावर वेगळं प्रकरण आलं. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे.

नियम कागदावर राहिले की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात, पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची कुंपणभिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेवर कोसळली. भिंतीच्या पलीकडे इमारतीसाठी खोल खोदकाम होतं आणि भिंतीच्या सावलीत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. १५ जण झोपेतच गेले. त्यांत लहान मुलंही होती, आणि बहुतेक माणसं बिहारहून आलेली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यात विहिरीला सिमेंटची रिंग बांधण्याचं काम चालू असताना माती खचली आणि चार मजूर तळाशी गाडले गेले. एनडीआरएफची पथकं लागली, यंत्रं लागली, आणि तरी त्यांच्यापर्यंत पोचायला काही दिवस गेले. एका ठिकाणी भिंत होती, एका ठिकाणी विहीर. पण घडलं तेच. शेजारचा आधार काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा दिला नाही.

आणि हे टाळता येतं, याचा पुरावाही आहे. अमेरिकेत २०२२ साली चर कोसळून ३९ कामगार मृत्युमुखी पडले. ओशाने तपासण्या वाढवल्या, ठिकठिकाणच्या ठेकेदारांना प्रशिक्षणासाठी एकत्र आणलं. २०२३ मध्ये हा आकडा १५ वर आला. अमेरिकेतली माती त्या वर्षी काही जास्त घट्ट झाली नव्हती.

शिकवायचं कुणाला?

आपल्याकडे सुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे मजुरांना रांगेत बसवून हेल्मेट घालायला सांगणं, असा समज आहे. हेल्मेट हवंच, वरून पडणाऱ्या दगडापासून ते वाचवतं. पण एक ब्रास मातीपुढे हेल्मेट काय करणार? चराच्या बाबतीत जीव वाचवणारे निर्णय मजुराच्या हातात नसतात. आधाराच्या फळ्या आणायच्या की नाही हे ठेकेदार ठरवतो, तेही निविदा भरतानाच. माती कुठे टाकायची हे यंत्रचालक ठरवतो. आत्ता उतरायचं की थांबायचं हे मुकादम ठरवतो. म्हणून पहिला वर्ग या तिघांचा घ्यायला हवा, आणि त्यात फळ्या-टेकूंचा खर्च निविदेत वेगळा दाखवायला शिकवायला हवं. जो खर्च कागदावर नसतो, तो जागेवर कधीच होत नाही.

ओशाच्या नियमांत एक उपयोगी तरतूद आहे. प्रत्येक खोदकामावर असा एक माणूस नेमलेला हवा, ज्याला धोका ओळखता येतो आणि धोका दिसल्यास काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकारही आहे. या दोन अटी एकत्र असणं महत्त्वाचं. ज्ञान आहे पण अधिकार नाही, असा माणूस नुसता काळजी करत उभा राहतो. अधिकार आहे पण ज्ञान नाही, तो गड्यांना खाली पाठवतो.

मजुरांचा वर्ग त्यांच्या भाषेत घ्यायचा. कुठे हिंदी, कुठे भोजपुरी, कुठे तेलुगू, कुठे गोरमाटी. आणि तो बोलण्यापेक्षा हाताने घ्यायचा. घमेल्यात माती घेऊन तिची कड उभी करून दाखवावी, काठावर वीट ठेवावी, भेगेत तांब्याने पाणी सोडावं आणि ढलपी सुटताना सगळ्यांना पाहू द्यावी. सिमेंटच्या दोन गोण्या उचलायला लावून सांगावं की छातीवर दोन फूट माती म्हणजे हे. असा अर्धा तास भाषणाच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त लक्षात राहतो. त्यानंतर रोज सकाळी पाच मिनिटं काठावर उभं राहून बोलायचं: आज माती कशी आहे, शिडी कुठे आहे, वर लक्ष ठेवायला कोण आहे.

या वर्गात आणखी एक गोष्ट शिकवायची, आणि ती सर्वांत अवघड आहे. कड कोसळून माणूस गाडला गेला, तर मागोमाग उडी मारायची नाही. आत आपला भाऊ असतो, गाववाला असतो. पाय आपसूक धावतात. पण एक कड पडली की समोरची आणि उरलेली कड आणखी सैल झालेली असते, आणि दुसरी ढासळ पुष्कळदा वाचवायला गेलेल्यांवरच येते. यंत्रं बंद करायची, सगळ्यांना काठापासून मागे घ्यायचं, आत किती जण होते आणि शेवटचे कुठे दिसले ते पक्कं करायचं, ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ फिरवायचा. पंज्याने उकरायचं नाही, दोराने ओढायचं नाही. आधी उरलेल्या कडांना आधार, मग हाताने आणि लहान फावड्याने माती. ज्याने हे आधी कधी ऐकलेलं नाही, त्याला त्या क्षणी हे सुचणं शक्य नाही.

आणि मजुराला शिकवायचं शेवटचं वाक्य छोटं आहे: ‘आधार नाही, तर मी उतरत नाही.’ हे वाक्य म्हणणं सोपं नाही. रोजावर आलेल्या माणसाला उद्या बोलावलं जाईल की नाही याची धास्ती असते. म्हणून तो ते एकट्याने म्हणेल, अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. सगळ्या टोळीने मिळून म्हणावं, मुकादमाने त्यांच्या वतीने म्हणावं, अभियंत्याने ते लेखी म्हणावं, आणि असं म्हणणाऱ्याचा रोज बुडणार नाही, हे ठेकेदाराने कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांसमोर सांगावं. तेवढं झालं तरच प्रशिक्षण पुरं झालं.

रस्त्याने जाणाऱ्या आपल्यालाही यात थोडं काम आहे. गल्लीतला चर दिसला की त्यात डोकावून दोन गोष्टी पाहाव्यात: आत माणूस आहे, तर शिडी आहे का, आणि खोली छातीच्या वर आहे, तर कडांना आधार आहे का. नसेल तर कामावरच्या अभियंत्याला, वॉर्ड ऑफिसला फोन करावा. आपल्या घरचं सांडपाणी त्याच पाईपमधून जाणार आहे.

उद्या सकाळी कुठल्याशा गल्लीत एक मुकादम चराच्या काठाने चालत जाईल. रात्री वळीव पडून गेलेला असेल. काठापासून हातभर अंतरावर त्याला केसासारखी एक भेग दिसेल. तो वाकून तिच्यात काडी घालून पाहील, काडी आत जाईल. खाली उतरायला एक पाय पुढे टाकलेल्या पोराला तो म्हणेल, ‘थांब रे. आधी फळ्या येऊ दे.’ अर्धा दिवस जाईल. ठेकेदार चिडेल. संध्याकाळी ते पोर घरी फोन करेल आणि आज काही विशेष झालं नाही, असं सांगेल.